विहीर चालेल तोपर्यंत

लायल स्टासियुकने पुढच्या दाराची घंटा वाजवली आणि दार फटीएवढं उघडताच डोक्यावरची टोपी काढली, तेव्हाच परास्का बाब्यूकने ओळखलं की बातमी वाईट आहे. गॅस कंपनीच्या विहिरी तपासणारा लायल दर मंगळवारी येत असे, पण मागच्या दाराने. टोपी डोक्यावरच ठेवून, कॉफी स्वतःच ओतून घेत. पुढचं दार त्या घरात फक्त पाद्री आणि विमावाले वापरत.

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“कुणी नाही गेलं, तेता.”

त्या भागातल्या युक्रेनी घरांमध्ये मावशी, काकू, आत्या सगळ्यांना तेता हा एकच शब्द पुरतो. परास्का लायलची रक्ताची कुणी नव्हती. तो शाळेत असताना ती त्याची स्कूलबस चालवत असे, एवढंच नातं होतं. पण कॅनडातल्या पीस नदीच्या त्या मुलखात बसवाली बाई म्हणजे शाळेतल्या बाईंपेक्षा मोठी. शाळेतल्या बाई बदलून जातात, बसवाली तीच राहते.

“मग टोपी घाल आणि मागून ये. इथे मी बटाट्यांची पोती लावून ठेवलीत.”

तो वळसा घालून मागून आला. खुर्चीच्या कडेवर बसला. कॉफीला हात लावला नाही.

“शुक्रवारी विहीर बंद करायचीय.”

परास्का शेगडीपाशी उभी होती. पातेल्यात कोबीच्या पानांत भात आणि खिमा गुंडाळलेले होलुब्त्सी मंद आचेवर शिजत होते. तिने मागे न बघताच विचारलं, “आटली?”

“आटली असती तर सांगायला सोपं होतं. आहे, गॅस आहे. भाव नाहीये.”

“भाव कमी झालाय ते माहितीये मला. रेडिओ आहे घरात.”

“कमी नाही, तेता. शून्याखाली गेलाय.”

आता ती वळली. “शून्याखाली कसा जाईल? ती काय थंडी आहे?”

“थंडीसारखाच गेलाय. मोठी लाइन दुरुस्तीला घेतलीय, साठवायच्या जागा भरल्यात. कंपनीने आज गॅस लाइनीत सोडला तर घेणाऱ्याला वरून पैसे द्यावे लागतात. घ्या हो बाबांनो, म्हणून.”

परास्काने शेगडीकडे पाहिलं. पातेल्याखाली निळी ज्योत नेहमीसारखी जळत होती. ती अकरा वर्षांची असल्यापासून ही ज्योत तिने पाहिली होती, आणि ज्या वस्तूसाठी लोक हजारो मैल पाइप टाकतात ती वस्तू कुणी फुकटसुद्धा उचलत नाही, ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरेना.

“उन्हाळ्यात ते पहिलं जहाज सुटलं ना किनाऱ्यावरून? टीव्हीवर सगळे टाळ्या वाजवत होते. आता आशियात गॅस जाणार, आता भाव चढणार, असं तूच ह्याच खुर्चीत बसून म्हणाला होतास.”

“सगळेच म्हणत होते. म्हणून तर सगळ्यांनी जहाजाच्या भरवशावर नव्या विहिरी खोदून ठेवल्या. जहाजं मोजकी आणि विहिरी उदंड. काय होणार?”

“मग मला दे. कुणाला नकोय तर माझ्यापुरता चिमूटभर सोड. मी काय जास्त मागतेय?”

एका घरासाठी विहीर चालू ठेवता येत नाही, हे लायलने तिला सांगितलं. गॅसबरोबर वर येणारं पाणी सतत वाहून न्यावं लागतं, झडपा तपासाव्या लागतात, विमा असतो, कर असतो. आणि गॅसला वास यावा म्हणून टाकायचं ते औषधसुद्धा तो महिन्याला घेऊन येत असे, तेही बंद होणार. वास नसलेला गॅस घरात घ्यायचा म्हणजे झोपेत मरायचं.

“माझ्या तातोला दिलेला शब्द कंपनीला माहीत आहे?”

“तेता, तुमच्या वडिलांनी ज्याच्याशी हात मिळवला तो माणूस मेला. त्याची कंपनी विकली गेली. तिला ज्यांनी घेतलं तेही विकले गेले. आता कॅलगरीत जे बसलेत त्यांना मी तुमचं नाव सांगितलं, तर ते म्हणाले, कोण बाब्यूक?”

परास्का खुर्चीत बसली. कोण बाब्यूक! ह्या प्रश्नाने तिला भाव पडल्यापेक्षा मोठा धक्का बसला.

•

सॅडल क्रीकच्या पंचक्रोशीत हा प्रश्न कुणी विचारला नसता. ज्यांच्या घरात बिल येत नाही ते बाब्यूक, अशीच त्यांची ओळख होती.

परास्काचा बाप ह्नात बाब्यूक याच्या शेतात गॅसची विहीर लागली तेव्हा आसपास कुणाच्याही घरी गॅस नव्हता. लोक लाकूड आणि कोळसा जाळत. गॅस जमिनीखालून निघे आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पाइपातून दूरच्या शहरांकडे निघून जाई. कंपनीचा माणूस जागेच्या करारासाठी आला तेव्हा ह्नातने एकच अट घातली. विहिरीतून माझ्या घराला एक फाटा द्या. विहीर चालेल तोपर्यंत माझं घर गरम राहिलं पाहिजे. माणसाने हात पुढे केला, ह्नातने तो दाबला, आणि ठरलं.

ज्या दिवशी तळघरातली भट्टी पेटली त्या दिवशी ह्नातने लाकडाची चूल ढकलत अंगणात आणली आणि शेजाऱ्यांसमोर घणाने फोडली. परास्काची आई रडली होती. चांगली चूल होती ती. पण ह्नातला घर गरम करण्यापेक्षा गरम घर दाखवण्याची हौस जास्त. भर जानेवारीत, बाहेर उणे चाळीस असताना, तो स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी ठेवत असे. रस्त्यावरून जाणाऱ्याला तिच्यातून निघणारी वाफ दिसली पाहिजे. बाप गेल्यावरही परास्काने ती खिडकी तशीच ठेवली. सवयच झाली होती.

पुढे बारा-तेरा वर्षांनी शेतकऱ्यांनी मिळून गॅसची सहकारी सोसायटी काढली. सरकारचंही त्या काळी तेच धोरण होतं. आपला गॅस आधी आपल्या माणसांच्या चुलीत, मग बाहेर. सरकारने अनुदान दिलं, शेतकऱ्यांनी भागभांडवल घातलं, आणि ट्रॅक्टरमागे नांगर लावून पिवळा पाइप जमिनीत पुरत पुरत लोक घरोघर निघाले. नांगर बाब्यूकांच्या फाटकाशी आला तेव्हा आयनार ओस्टबी नावाचा नॉर्वेजियन शेजारी खाली उतरला.

“ह्नात, सही कर. सगळे आलेत.”

“मला कशाला? माझ्या घरात तुमच्या सरकारच्या आधी गॅस आलाय.”

“विहिरीचा काय भरवसा?”

“तुझ्या सोसायटीपेक्षा जास्त आहे. जा पुढे. आणि बिल आलं की मला दाखवायला आण, मी अजून कधी पाहिलं नाही.”

नांगर फाटकापाशी उचलला गेला आणि पलीकडे पुन्हा जमिनीत उतरला. तेवीस-चोवीस वर्षांची परास्का तेव्हा बापाच्या शेजारी उभी होती आणि खदखदून हसली होती. हा विनोद पुढे कित्येक वर्षं त्या घरात चालला. शेजारी बिलाचं रडगाणं गाऊ लागले की बाब्यूक खिडकी आणखी थोडी उघडत.

म्हणजे कंजूष होते असं नाही. फुकट मिळालेली ऊब परास्काने सढळ हाताने वाटली. घराला लागून काचेची एक खोली होती. मार्चमध्ये बाहेर कमरेएवढं बर्फ असताना तिथे टोमॅटोची रोपं हातभर वाढलेली असत. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक घरी ती मे महिन्यात रोपं पोचवत असे. तिचा नवरा एल्मर त्याच उबेत आजारपणाची शेवटची वर्षं काढून गेला. मुलगी मार्सी त्याच उबेत वाढली आणि किनाऱ्यावर नोकरीला लागली. त्याच जहाजांच्या धक्क्यावर, जिथे गॅस थंड करून त्याचं पाणी करतात आणि जहाजात भरतात.

•

लायल गेल्यावर परास्काने मार्सीला फोन लावला.

“मार्सी, विहीर बंद करतायत.”

“कुठली?”

“कुठली म्हणजे? आपल्याला काय दहा आहेत?”

मार्सीला सगळं सांगून झालं तरी परास्काचा आवाज चढलेलाच होता. “तू तिथे आहेस ना? सांग की तिथल्या साहेबांना. इथे गॅस फेकून देतायत. जहाजात भरा म्हणावं.”

“आई, असं नसतं ग. आपली विहीर जुनी, उथळ. तिचा गॅस इथवर येतच नाही. जहाजासाठीचा पाइप वेगळा, त्याच्या विहिरी वेगळ्या.”

“म्हणजे उन्हाळ्यात मी टाळ्या वाजवल्या त्या कशासाठी?”

“माझ्यासाठी वाजवल्यास.” मार्सी जराशी हसली, मग गंभीर झाली. “हे बघ, चिडू नकोस. तू गावातल्या त्या वृद्धनिवासात खोली घे. गरम आहे, जेवण आहे, पत्ते खेळायला बायका आहेत. अशी भट्टी कोण बसवून देणार आता? ती साठ वर्षांची आहे. सिलिंडरचा गॅस तिला चालणार नाही असं पप्पाच म्हणायचे.”

“हिवाळ्यापुरतं?”

मार्सीने आवाज खाली आणला.

“आई, बिनउबेचं घर एक हिवाळा गेला की पाइप फुटतात, भिंती भेगाळतात. मग ते घर राहत नाही. तुला माहितीये.”

परास्काला माहीत होतं. रस्त्याच्या कडेला अशी घरं उभी होती. माणसं एका हिवाळ्यापुरती गावात गेलेली आणि परत न आलेली. फोन ठेवून ती खुर्चीतच बसून राहिली. आता नेमकं काय पणाला लागलंय ते तिच्यासमोर स्वच्छ झालं होतं. जमीन कडक व्हायच्या आत ह्या घरात कुठून तरी गॅस आला नाही, तर हे घर संपलं. आणि गॅस येऊ शकेल अशी जागा एकच होती. रस्त्यापलीकडून गेलेला तो पिवळा पाइप.

•

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा गुरुवारी होती. सभेआधी जेवण असतं. भाजलेल्या गोमांसाचे काप घातलेले पाव, बटाट्याची कोशिंबीर, गोडाला ॲपल पाय. त्या हॉलमध्ये परास्का लग्नांना जेवली होती, मयतांना जेवली होती, मार्सीच्या बाप्तिस्म्याचं जेवणही तिथेच झालं होतं. फक्त हे एक जेवण ती आयुष्यात कधी जेवली नव्हती. ते सभासदांचं असे.

ती आत आली तशी जवळच्या टेबलावरची बोलणी थांबली.

“परास्का, वाट चुकलीस का?” मागून कुणीतरी म्हणालं. “इथे बिलं भरणारे लोक जेवतात.”

“हो ना,” तिने उत्तर दिलं, “म्हणूनच सगळ्यांची तोंडं अशी लांब आहेत.”

हशा पिकला. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची ओढली. पण ती ताट घ्यायला गेली नाही.

सभा सुरू झाली. चेअरमन वेंडेल ओस्टबी उभा राहिला. आयनारचा मुलगा, साठीचा, कान थेट बापासारखे. त्याने हिशेब वाचले आणि मग चष्म्यावरून बघत सांगितलं की सोसायटी सुरू झाल्यापासून इतका स्वस्त गॅस कधी मिळाला नव्हता. टाळ्या पडल्या. मग नेहमीचा वाद लागला. एक म्हणाला, ही ओटावातल्या केंद्र सरकारची कृपा, दहा वर्षं आधी जहाजं सुटू दिली असती तर आज ही पाळी आली नसती. दुसरा म्हणाला, कसली पाळी, मला स्वस्त मिळतोय, जहाजं नकोतच, ती वाढली की आपलं बिल वाढणार. तिसरा एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, “अरे, आमच्या वेळी सरकार आधी बघायचं की तीस वर्षं पुरेल एवढा आपल्याला आहे का. उरलेला बाहेर. आता कोण बघतो?”

“आता कोणी मोजतच नाही, आजोबा. उदंड झालाय.”

“उदंड झालाय तर हॉल एवढा थंड का ठेवलाय?”

पुन्हा हशा. त्या हशातच परास्का उभी राहिली.

वेंडेलचा चेहरा अवघडला. “तुम्ही... म्हणजे, नियमाने सभासदालाच बोलता येतं.”

“वेंडेल, तुला मी बसमध्ये पहिल्या सीटवर का बसवायचे ते सांगू का सभेला?”

“बोला,” वेंडेल घाईघाईने म्हणाला.

बोलायचं ठरवून आणलेलं सगळं ती विसरली. तिला एवढंच सांगता आलं, “आता तुम्ही ज्या भावाला टाळ्या वाजवल्यात ना, त्याच भावामुळे उद्या माझी विहीर बंद होतेय. माझ्या घरात उद्यापासून काही नाही.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले, मग कपांमध्ये. आत्ताच हसलेल्या एका माणसाने हातातला पाव ताटात ठेवला. बाब्यूकांचं घर थंड पडणार ही गोष्टच त्यांना कळत नव्हती. नदीला उलटं वाहताना बघितलं असतं तर जेवढे दचकले असते तेवढे ते दचकले होते.

“लायल,” वेंडेलने भिंतीशी उभ्या असलेल्या लायलला विचारलं, “खरंय?”

“खरंय. आणि त्या एकट्याच नाहीत. माझ्या फेरीत विहिरीवरच्या फाट्यावर चालणारी अजून आठ घरं आहेत. त्यांनाही सांगून झालंय.”

“आठ!” काठीवाला म्हातारा म्हणाला.

“मला लाइन हवीय,” परास्का म्हणाली. “पैसे भरीन, भाग घेईन, काय असेल ते.”

वेंडेलने चष्मा काढला. ठेकेदार आपला नांगर घेऊन दक्षिणेला गेला होता. नवीन जोडण्या आता जूनमध्ये. वरची जमीन गोठायला लागली होती. हे सगळं त्याने सांगितलं, आणि सांगताना तिच्याकडे बघितलं नाही.

“तुझ्या बापाला माझ्या तातोने काय म्हटलं होतं ते तुला ठाऊक असेल,” परास्का हळू म्हणाली.

“ठाऊक आहे. बाबा दर थँक्सगिव्हिंगला सांगायचे.” वेंडेलच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “बिल दाखवायला आण म्हणाले होते.”

“मी हसले होते तेव्हा.”

“तेही सांगायचे.”

मग वेंडेल बराच वेळ टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिला. शेवटी मान वर करून म्हणाला, “ऑफिसमागच्या शेडमध्ये जुना नांगर पडलाय. पहिला. त्याचं पातं अजून ठीक असेल. पण त्याला ओढायला मोठा ट्रॅक्टर लागेल, आणि जमीन बोटभर जरी जास्त गोठली तर पातं मोडेल. मोडलं तर मोडलं. ठराव कोण मांडतंय?”

ठराव त्याच माणसाने मांडला, ज्याने ती वाट चुकली म्हटलं होतं. हात वर झाले. मग कुणीतरी परास्काच्या हातात ताट दिलं. तिने पाव खाल्ला, पण तो कसा होता हे तिला विचाराल तर सांगता येणार नाही.

•

शुक्रवारी विहीर बंद झाली. परास्का लायलबरोबर शेतात गेली. चार खांबांच्या कुंपणात पांढरा रंग दिलेला पाइप, त्यावर चाक, शेजारी पत्र्याची खोली. त्या खोलीतून येणारा फुसफुस आवाज तिच्या आयुष्यभर चालू होता. रात्री झोपताना तो असे, बस काढताना असे. लायलने चाकावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

“काय झालं?”

“काही नाही. शाळेत असताना ह्या कुंपणावर चढलो म्हणून तुम्ही मला कानाला धरून बसमध्ये नेलं होतं.”

“आता चढ हवा तेवढा,” ती म्हणाली आणि स्वतःही चाकाला हात लावला. दोघांनी मिळून ते फिरवलं. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि थांबला. परास्काने दचकून इकडेतिकडे पाहिलं. तिला वाटलं, आपल्याला बहिरेपण आलं. मग लांबवर एक कावळा ओरडला तेव्हा तिला कळलं की कान शाबूत आहेत.

ती घरी आली. फाट्यात उरलेल्या गॅसवर शेगडी अजून जळत होती. तिने किटली ठेवली आणि समोर बसली. ज्योत आखडत गेली, टोकाला पिवळी झाली, थरथरली आणि गेली. पाणी कोमटच राहिलं.

पुढचा आठवडाभर ती विजेच्या दोन हिटरवर एका खोलीत राहिली. दोन्ही एकदम लावले की फ्यूज उडे. काचेच्या खोलीतली झाडं पहिल्याच थंडीत काळवंडली. शेजारणी सूप घेऊन येत आणि कोट न काढता बसत. त्या बसल्यावर परास्काला कळेना की बोलायचं काय. इतकी वर्षं लोक तिच्या घरी येऊन आधी कोट काढत आले होते.

बुधवारी नांगर आला. आवाज ऐकून ती फाटकाशी गेली. वेंडेल ट्रॅक्टरवर होता, मागे दोघेजण पिवळ्या पाइपाचं रीळ सांभाळत होते. वरची जमीन तळहातभर खोल गोठली होती. पातं शिरताना कडकड असा आवाज झाला आणि सगळे जागच्या जागी थांबले. वेंडेल खाली उतरून वाकून बघायला लागला.

“मोडलं?” परास्काने विचारलं.

“नाही. दगड होता.” तो सरळ झाला. “इथेच उचलला होता तेव्हा. ह्याच जागी. बाबा म्हणायचे, फाटकाशी दगड आहे, बाब्यूकांसारखाच.”

नांगर फाटकातून आत वळला.

पुढच्या दोन दिवसांत कुणाच्या तरी मोडलेल्या घरातली धड भट्टी तळघरात बसली, भिंतीवर मीटर लागला आणि ज्योत पेटली. परास्का बाहेर जाऊन मीटरसमोर उभी राहिली. आकडा सरकत होता. तिने पुन्हा पाहिलं, पुन्हा सरकला. ती आत गेली आणि स्वयंपाकघराची बोटभर उघडी खिडकी ओढून घट्ट लावली. तिची चौकट इतकी वर्षं तशीच राहून फुगली होती. तळव्याने दोनदा ठोकावी लागली.

•

फेब्रुवारीत थंडीने कहर केला. किनाऱ्यावर जहाजांची रांग लागली, मोठी लाइन दुरुस्त झाली, आणि भाव चढला. रेडिओवर लोक त्याच उत्साहाने बोलत होते ज्या उत्साहाने शरद ऋतूत हळहळत होते. एका मंगळवारी लायल मागच्या दाराने आला. टोपी डोक्यावर, तोंड फुललेलं.

“तेता, कोट घाला. उघडायला सांगितलंय.”

परास्काने चमचा तसाच टाकला. ती पिकअपमध्ये चढून बसली. डोक्यात काचेची खोली होती, मार्चची रोपं होती. सोसायटीची लाइन असू दे, भाग असू दे, पण विहीर चालू झाली की फाटा पुन्हा जोडता येईल. शब्द तोच होता ना? विहीर चालेल तोपर्यंत.

लायलने चाकावरचं बर्फ झाडलं आणि फिरवायला सुरुवात केली. चाक गोठून बसलं होतं, मग सुटलं. दोघेही कान देऊन उभे राहिले. आतून गुळगुळ असा आवाज आला. घशात पाणी अडकलेल्या माणसासारखा. मग काहीच नाही.

“अजून उघड.”

त्याने पूर्ण उघडलं. शेजारची छोटी तोटी मोकळी केली. तिच्यातून तपकिरी पाण्याची धार आली, बर्फावर पडली आणि परास्काच्या बुटांकडे सरकत आली. ती मागे सरली. धार बारीक होऊन थेंब झाली.

“हे काय?”

“पाणी चढलंय.” लायल म्हणाला. “जुनी विहीर, जोर कमी. वाहत होती तोवर स्वतःच पाणी बाहेर फेकत होती. थांबली आणि आतून भरली.”

“असं होतं हे माहीत नव्हतं?”

“माहीत होतं, तेता. सगळ्यांना माहीत असतं. भाव शून्याखाली असताना ते कुणी काढत नाही.”

“काढता येईल ना पाणी? कंपनी काढेल?”

लायलने चाक उलटं फिरवून पुन्हा बंद केलं. उत्तर तेच होतं. परास्काला वाटलं, आता आपण ओरडू, कंपनीला शिव्या देऊ, सरकारला देऊ, जहाजांना देऊ. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“आज भाव काय आहे?”

“चांगला आहे,” लायल म्हणाला. “दोन वर्षांत नव्हता एवढा.”

तिला हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी अडकलं. ते दोघे पिकअपकडे चालत गेले तेवढ्यात ती तपकिरी धार गोठून काचेसारखी झाली होती.

घराशी गाडी थांबली. धुराड्यातून वाफ सरळ वर जात होती. परास्का मागच्या दाराने आत गेली, कोट काढला आणि कॉफीची किटली ठेवली. लायल मागून आला नाही. तिने खिडकीतून पाहिलं. मयताच्या घरी यावं तसा तो टोपी हातात घेऊन अंगणातून वळसा घालत पुढच्या दाराकडे निघाला होता.

ती वळली. पुढच्या खोलीत गेली, बटाट्यांची पोती एकेक करून बाजूला ओढली आणि दार उघडलं.